प्लास्टिकखाली ऐकू येईल अशी घंटा

मी घंट्या बनवते असं सांगितलं की लोक हात जोडल्यासारखा चेहरा करतात. देवळाशी माझा काही संबंध नाही. माझ्या घंट्या विजेवर चालतात आणि उघड्यावर टांगलेल्या असतात. शाळेच्या ओट्यावर, भातगिरणीच्या फाटकावर, नदीच्या घाटावर. ब्रह्मपुरीत माझं दुकान आहे. पाटीवर 'मोटार रिवायंडिंग' लिहिलंय, कारण पोट मोटारींवर चालतं. घंट्यांचं काम मी हौसेनं करते आणि भांडणंही त्यावरूनच होतात.

घरातली बेल आणि उघड्यावरची घंटा यांत फरक काय, ते आधी सांगते. आत तारेचं एक गुंडाळं असतं. बटन दाबलं की त्यातून वीज जाते, त्याचं लोहचुंबक होतं आणि ते छोट्या हातोडीला ओढून घेतं. हातोडी वाटीवर आपटते, पण आपटताना एक जोड सुटतो आणि वीज तुटते. चुंबकाचा जोर गेला की स्प्रिंग हातोडीला मागे नेते आणि जोड पुन्हा लागतो. हे इतक्या झपाट्यानं होतं की आपल्याला नुसती ट्रिंग ऐकू येते. म्हणजे सगळी भिस्त त्या नखाएवढ्या जोडावर. तो गंजला की घंटा मुकी. आमच्याकडे त्याला वैरी फार. पाऊस आहेच, पण उन्हाळ्यात पत्र्याला हात लावता येत नाही, मुंगळे आत बिऱ्हाड करतात, आणि कुंभारमाशीला मातीचं घर बांधायला हातोडी आणि वाटी यांच्यामधली फटच सापडते.

पहिली उघड्यावरची घंटा मी डब्यात घट्ट बंद केली होती. रबर, सिलिकॉन, वरून रंग. थेंब आत जाणं शक्य नव्हतं. तरी पावसाळा संपायच्या आत ती बंद पडली. डबा उघडला तर तळाशी पाणी. बाहेरचं नव्हे, आतलंच. डबा दिवसा तापायचा, रात्री गार व्हायचा, आतल्या दमट हवेचं पाणी व्हायचं आणि त्याला बाहेर जायला वाट नव्हती. तेव्हापासून मी तळाला एक भोक ठेवते आणि त्याला बारीक जाळी लावते. वाटीच छत्रीसारखी वर येते, पाणी तिच्यावरून गळून जातं. ही माझी रचना. सोपी आहे, पण लोकांना पटत नाही. गडचिरोलीकडच्या एका आश्रमशाळेचे मुख्याध्यापक मला मोठ्या कौतुकानं म्हणाले, "मॅडम, तुमच्या मालात खालून होल राहून गेलं होतं. तुमच्यावर बोल नको म्हणून मी स्वतः डांबरानं बुजवून घेतलं." घंटा अर्थातच बंद होती. मी भोक मोकळं केलं आणि शेजारी रंगानं लिहिलं, 'हे भोक मुद्दाम आहे.'

एका भातगिरणीच्या मालकाला सकाळची घंटा गावाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल अशी हवी होती. मी विचारलं, संध्याकाळी सुट्टीची? तो म्हणाला, "सुट्टीचं मी तोंडानं सांगतो न, त्यात काय." मी सांगितलं की माझी घंटा कामाला बोलावते तशी घरीही पाठवते, दोन्ही एकाच आवाजात. त्यानं घंटा दुसरीकडून घेतली.

माझा हा स्वभाव दुकानात तयार झालेला नाही. आमच्या घरात देव नव्हते, पत्रकांचे गठ्ठे होते. बाबा दर मेळाव्यात पुस्तिकांचा स्टॉल लावायचे आणि उरलेला माल आमच्या खाटेखाली राहायचा. मी त्यांवरच वाचायला शिकले. पत्रक लांबण लावत नाही. ते सरळ विचारतं, हे कोणाच्या फायद्याचं आहे? मी डिप्लोमा केला, मशीन हातात घेतल्या, आणि तोच प्रश्न माझ्यापुरता असा झाला की याचं बटन कोणाच्या हातात आहे? आवाज केवढा आणि गंज लागेल का, हे मी त्यानंतर बघते.

एका घंटेच्या वेळी हा प्रश्न मला पुस्तिकेतला वाटेनासा झाला. ती गोष्ट सांगते. गाव सिंदेवाहीच्या पुढे जंगलाला लागून आहे. नाव लिहीत नाही. त्या गावात कॅमेरे घेऊन येणारे आधीच पुष्कळ झाले.

उन्हाळ्याच्या शेवटी दोन बायका काळीपिवळी जीपनं माझ्या दुकानात आल्या. एक शेवंताबाई, वय साठीच्या आसपास, गावातल्या रोवणी करणाऱ्या बायांच्या गटाच्या पुढारी. दुसरी रंजू, त्यांच्या जावेची सून, लग्नाला फार दिवस झाले नसावेत. शेवंताबाई स्टुलावर बसल्या आणि दुकानभर नजर फिरवून म्हणाल्या, "पोरी, पाण्यात प्लास्टिकखाली ऐकू येईन अशी घंटी बनते काय?"

मला कळलं नाही. मग त्यांनी सांगितलं. आमच्या भागात रोवणी म्हणजे भाताची रोपं बांधीत, म्हणजे पाणी साठवलेल्या भातखाचरात, लावण्याचं काम, आणि ते भर पावसात चालतं. बाया डोक्यावरून पाठीवर प्लास्टिक घेतात, चिखलात वाकतात आणि मागे मागे सरकत रोवत जातात. प्लास्टिकवर पाऊस पडत असला की शेजारणीचं बोलणंही ऐकू येत नाही. गेल्या पावसाळ्यात नाल्याकडच्या बांधीत शेवंताबाईंची जाऊ कौसल्या रांगेच्या टोकाला होती. वाघानं तिला नेलं. ती ओरडली की नाही, कोणालाच माहीत नाही. बाकीच्या रोवत राहिल्या. जेवणासाठी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, आल्या, तेव्हा एक जण कमी होती.

हे सगळं शेवंताबाईंनी भाव न बदलता सांगितलं. रंजू दाराकडे तोंड करून उभी होती. कौसल्या तिची सासू. त्या दिवशी ती रांगेत मधोमध होती.

मी सायरनचं सुचवलं. तयार मिळतो, आवाज मोठा. शेवंताबाईंनी मान हलवली. सायरन गावात येतो तो माणूस गेल्यावर, वनखात्याच्या गाडीवर. तो आवाज ऐकला की बायांचे पाय गळतात. "आम्हाले पळाचा आवाज पाह्यजे, रडाचा नाई," त्या म्हणाल्या.

मी कामाला लागले. दुकानाच्या मागच्या अंगणात डोक्यावर प्लास्टिक घेऊन बसायची, आई वरून नळीनं पाणी सोडायची आणि बाबा दूर जाऊन घंटा वाजवायचे. नेहमीची घंटा पार गायब. तिचा बारीक किणकिणाट आणि प्लास्टिकवरच्या थेंबांचा आवाज एकमेकांत मिसळून जातो. म्हणजे आवाज नुसता मोठा असून भागणार नव्हतं, तो जाड हवा होता. ट्रिंग नको, टोला हवा. मोठी वाटी, जड हातोडी आणि दोन टोल्यांमध्ये जागा.

अशी वाटी बाजारात मिळत नाही. चंद्रपूरला एका भंगारवाल्याकडे जुन्या ऑक्सिजन सिलिंडरचे कापलेले तळ पडले होते. मी डोक्यावर प्लास्टिक घेऊन त्याच्या आवारात लांब उभी राहिले आणि त्याला एकेक तळ हातोड्यानं वाजवायला लावला. येणारेजाणारे थांबून बघायला लागले. भंगारवाल्यानं थोडा वेळ दम धरला आणि मग विचारलं, "ताई, पोरगी पाहाले आल्या का भंगार न्याले? एकीलेही हो म्हणून नाई राह्यल्या." शेवटी एक तळ असा वाजला की टोला कानापेक्षा छातीत जास्त जाणवला. तोच घेतला. खाली हातोडीचा डबा, डब्याच्या तळाला भोक, सोलरची पाटी, बारा व्होल्टची बॅटरी. गावातली लाईट पावसात सगळ्यात आधी जाते, तिच्या भरवशावर जीव ठेवता येत नाही.

घंटा झाली. मग बटनाचा प्रश्न आला आणि त्यासाठी ग्रामसभा बसली. नाल्याकडची बरीचशी जमीन मोरेश्वरभाऊंची. माणूस वाईट नाही. कौसल्याबाई गेल्यावर पंचनाम्यापासून सगळीकडे तेच धावले होते. पण त्यांचं म्हणणं असं की घंटा पंचायतीच्या छतावर बसवावी, बटन आत कुलपात ठेवावं. वाघ दिसला की पंचायतीत फोन करायचा, तिथला माणूस खात्री करून घंटा वाजवेल. बांधीत फोनला रेंज नाही, असं कोणीतरी म्हणालं. मग धावत येऊन सांगायचं. वाजवायला माणूस कुठला? मोरेश्वरभाऊ म्हणाले, "त्या मोहल्ल्यातला एखादा रिकामा बसवून देऊ. पहिलेही तेच करत होते न हे काम."

तो मोहल्ला बौद्धांचा, म्हणजे माझ्याच लोकांचा. माझे आजोबा त्यांच्या गावात दवंडी द्यायचे. दीक्षा घेतली त्या वर्षी त्यांनी ते काम सोडलं, आणि ते पुन्हा करावं म्हणून गावानं काय काय केलं, ते ऐकतच मी मोठी झाले. मी उभी राहिले. पुष्कळ बोलले असते, तोंडाशी सगळी पत्रकं आली होती, पण समोर शेवंताबाई बसल्या होत्या आणि गाव त्यांचं होतं. म्हणून दोनच गोष्टी बोलले. हे काम जन्मानं कोणाचंही नाही. आणि जिच्या मागे वाघ उभा आहे तिच्या हाताशी बटन नसेल, तर मी घंटा परत ब्रह्मपुरीला नेते.

मोरेश्वरभाऊंनी मनातलं बोलून दाखवलं. बटन बायांच्या हाती दिलं तर कंटाळा आला की घंटा वाजेल. सभेत हसू पसरलं. शेवंताबाई उठल्या नाहीत, बसूनच बोलल्या. "भाऊ, कंटाळा आला तं आम्ही तोंडावर सांगून घरी जातो, तुम्हाले भेऊन नाई राहत. पण घंटी धुऱ्यावर नाई तं नाल्याकडच्या बांधीत कोणी उतरन नाई. तुमचे पऱ्हे तुम्हीच रोवजा." पऱ्हे म्हणजे रोवणीसाठी तयार झालेली रोपं. ती फार दिवस थांबत नाहीत, हे मोरेश्वरभाऊंना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. घंटा धुऱ्यावर बसवायचं ठरलं. पण कोणी उगाच वाजवली तर पंचायत बघून घेईल, असं मोरेश्वरभाऊ शेवटी म्हणालेच.

नाल्याकडच्या धुऱ्यावर खांब रोवला, घंटा टांगली, पाणी लागणार नाही असं उत्तम बटन बसवलं. मी बायांना बोलावलं आणि म्हटलं, दाबून बघा. कोणी पुढे आलं नाही. चेष्टा केली, समजावलं, मी स्वतः चिखलात उभी राहून ओल्या हातानं दाबून दाखवलं. घंटा दणदणीत वाजली. तरी कोणी हात लावेना.

कारण कळायला मला उशीर लागला. या भागात रानडुकरांसाठी शेतात चोरून विजेची तार सोडतात. तिला चिकटून माणसं मेली आहेत, प्रत्येक गावाला एखादं तरी नाव माहीत असतं. बांधीतल्या तारेला ओल्या हातानं शिवायचं नाही, हे इथल्या पोरांना चालायला लागल्यापासून शिकवलेलं असतं. आणि मी त्याच बांधीत त्याच बायांना तारेला जोडलेलं बटन दाबायला सांगत होते. बारा व्होल्टनं काही होत नाही, हे माझं खरं होतं. त्यांची भीतीही खरी होती. वाघ समोर आला तर हात बटनाकडे जाईल की मागे येईल? बहुधा मागे.

पलीकडच्या शेतात एक माळा होता. रात्री राखण करणारा तिथे बसून दोरी ओढतो, दोरीला बांधलेले डबे शेतभर खडखडतात आणि डुकरं पळतात. ही दोरी ओढताना कोणालाही भीती वाटत नाही. मी बटन काढून टाकलं आणि ओढायचा खटका खांबावर उंच बसवला, हात पोचणार नाही असा. त्याला दोरी बांधली आणि बांबूच्या खुंट्यांवरून ती धुऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नेली. रांगेतली कोणतीही बाई दोन पावलांत दोरीपर्यंत पोचेल. रंजूनं पहिल्यांदा ओढली. मग सगळ्यांनी, दोनदोनदा.

दोरी गावातलीच, अंबाडीची वळलेली होती. ती भिजली की आखडते, हे माझ्या डोक्यात आलं नाही आणि त्यांच्याही नाही, कारण डब्यांची दोरी आखडली काय आणि सैल पडली काय, फरक पडत नाही. पहिल्या जोरदार सरीत दोरी ताणली गेली आणि घंटा आपोआप वाजायला लागली. अख्खं गाव काठ्या घेऊन धुऱ्यावर. मोरेश्वरभाऊ भिजत उभे होते. मला म्हणाले, "बाई, तुमची घंटी तं वाघापेक्षाही तयार आहे." मी नायलॉनची दोरी आणून लावली.

रोवणी सुरू झाली त्या दिवशी मी मुद्दाम गेले होते. पाऊस धरून पडत होता. बाया रांगेनं नाल्याकडच्या बांधीत उतरल्या. रंजू कौसल्याबाईंच्या जागी, रांगेच्या टोकाला जाऊन उभी राहिली. मी घंटेपासून सगळ्यात लांबच्या धुऱ्यावर प्लास्टिक घेऊन बसले, आवाज पोचतो का ते पाहायला.

दुपार व्हायच्या आधी टोला आला. प्लास्टिकमधून, पावसामधून, छातीवर. रंजू दोन्ही हातांनी दोरीला लोंबकळत होती. बाया रोपं टाकून, एकमेकींचे दंड धरून चिखलातून रस्त्यावर आल्या. शेवंताबाईंनी मोजल्या. सगळ्या होत्या.

वनरक्षक आला, दोघातिघांसोबत नाल्यापर्यंत फिरला. काही मिळालं नाही. इतक्या पावसात पाऊलखूण राहिली असती तर नवल. रंजूला विचारलं तर ती म्हणाली की नाल्याकाठचं गवत हाललं. वाघ दिसला? नाही. पट्टा, शेपूट, काही? नाही. गवत हाललं, आणि ते वाऱ्याच्या उलट्या बाजूनं हाललं असं तिला वाटलं.

मोरेश्वरभाऊंनी आवाज चढवला नाही, त्यामुळे ते जास्त लागलं. "गवत हाललं म्हणून अर्धा दिवस गेला. उद्या हवा सुटली तं घरीच राह्यजा साऱ्याजणी." दोनचार बायाही आपसात कुजबुजल्या, की रंजूच्या डोक्यात अजून सासूच बसली आहे, तिला त्या टोकाला ठेवू नये. मला त्या सगळ्यांशी भांडायचं होतं. पण माझ्याकडे पुरावा नव्हता. माझ्या घंटेला आवाज काढता येतो, कारण सांगता येत नाही.

मी त्या दिवशी शेवंताबाईंकडेच राहिले. सकाळी बाया पुन्हा धुऱ्यावर जमल्या, वर आभाळ तसंच भरलेलं. रंजू सगळ्यात मागे होती. ती शेवंताबाईंना मोठीमाय म्हणते. हळूच म्हणाली, "मोठीमाय, मी आज मधात राह्यतो. टोकाले दुसऱ्या कोणाले ठेव. माह्यानं काल चुकलं."

बाया ऐकत होत्या. मोरेश्वरभाऊ धुऱ्यावर रोपांच्या पेंढ्या उतरवून घेत होते, तेही थांबले.

शेवंताबाई कमरेला पदर खोचत म्हणाल्या, "चुकलं कोणाचं? गवत हालताना मीही पाह्यलं. मी म्हटलं पाहू, अजून थोडं हालू दे. गेल्या साली कौसल्येच्या बाजूले जे बाई होती न, तेही असंच पाहू म्हणत राह्यली असन. तू नाई थांबली. टोकाले तूच राह्यशीन."

मोरेश्वरभाऊंनी पेंढ्या उचलून बांधीत टाकायला सुरुवात केली, एक रंजूच्या हाताशी पडेल अशी.

दुकानात मी जोड तपासते, स्प्रिंग तपासते, वाटी भिजवते, तापवते. प्लास्टिकखाली बसून आवाज ऐकते. पण खात्री नसताना, सगळे हसतील हे माहीत असताना दोरी ओढली जाईल की नाही, हे तपासायचं यंत्र माझ्याकडे नाही. ते त्या सकाळी बांधीत ठरलं, आणि ते ठरल्यावर माझी घंटा खऱ्या अर्थानं पुरी झाली.

पाऊस सुरू झाला. बायांनी डोक्यावर प्लास्टिक ओढलं. रंजू टोकाला गेली, दोरी उजव्या हाताला येईल अशी उभी राहिली, एकदा नाल्याकडे नीट पाहून घेतलं आणि वाकली.